उपाशी वाघ आणि फिद्याचा डबा

ओ, ओ, ओ — हात! हात मागं घ्या पयले. ऐकलं मी, एकच द्या म्हणले तुम्ही, पण एक बी नाय अन् अर्धी बी नाय. हा झारा बघितला का? आत्ता तेलातनं काढलाय. बोटावर बसला ना, तर भजीसंगं बोटबी तळून निघंल, अन् मंग गिऱ्हाईक मला म्हणंल, काय रे रय्यान, आज कांदाभजीत हाड कसं काय? बसा. तिकडं नाय, इकडं, बटाट्याच्या गोण्यांमागं — तिथं रस्त्यावरनं कोणाला दिसत नाय. घोंगडी जरा डोक्यावरनं घ्या अजून. घोंगडी सावळीरामबाबाची ना? वळखली मी, कोपऱ्याला जळकं भोक हाय. वाळत घातलेली उचलली? — बरं बरं, उचलली नाय, वापरायला घेतली. मी बी लोकांच्या चपला अशाच वापरायला घेतो.

आता तुम्ही म्हणताल, एवढी ताटं मांडून ठेवली, कलिंगड कापलं, लाल सरबत वतलं, अन् ही ताडपत्रीवरची सगळी माणसं नुसती ताटाकडं बघत बसली — यांना काय कोणी पुतळा केलं का? काय नाय केलं. रोजा हाय. रमजान चालू हाय ना. पहाटंपासून पाण्याचा थेंब नाय कोणाच्या पोटात. अजान झाली की सुटणार. तोवर समोर हाय पण खायचं नाय — तीच तर गंमत हाय. अन् तुम्ही यांच्या डोळ्यासमोर भजी उचलू राहिले! मारत नाय कोणी. पण बघत्यात. उपाशी माणूस कसा बघतो, तुम्हाला म्या काय सांगू — तुम्ही तर टीव्हीवर रोज तेच करू राहिले.

अहो मान काय हलवता नाय नाय म्हणून? दाढी वाढली, तोंडाला राख लागली, म्हणून काय नाक बदललं का? राज सर. सिरियलमधले इन्स्पेक्टर. आता ‘टिकला तो वाघ’ मधले, जंगलात उपाशी टिकायच्या त्या प्रोग्राममधले. आमच्या घरी जेवायच्या टायमाला तुम्हीच असता हो समोर! आम्ही खाऊ राहिलो अन् तुम्ही झाडाचा पाला हुंगू राहिले. अम्मी तर म्हणते, नको लावू ते, पोरगं उपाशी बसलंय अन् आपण कसं गिळायचं. मी म्हणतो, अम्मी, ते पोरगं नाय, त्याला पन्नाशी लागू राहिली. — हां, बरं, पंचेचाळीस. तुम्ही म्हणताल तेवढी.

पण काय सर तुमचा तो प्रोग्राम! बाई बोलते ना सुरुवातीला, जाड्या आवाजात — ‘घनदाट अरण्य, जिथं माणसाचा मागमूस नाही.’ अन् मागमूस कसा नाय? कॅमेऱ्याच्या मागं सावळीरामबाबाचं खाचर हाय, त्याच्या मागं त्याची म्हैस हाय, अन् त्याच्या मागं मी हाय, भजी विकत! तुमच्या कॅमेरावाल्यांना चहा कोण देतो? मीच ना. म्हशीला गप ठेवायला बाबाला रोज ढेपीचं पोतं देतेत, का तर अरण्यात म्हैस नको वराडायला. अन् परवा तो वणवा! हे देवा. तुम्ही सगळे पळू राहिले, ती मॉडेल बेशुद्ध पडली, ढँण ढँण म्युझिक, खाली पट्टी — ‘वणव्यानं वेढले सितारे.’ अहो, तो राब होता! बाबा राब भाजू राहिला होता. दरसालच भाजतो. भाताचं रोप टाकायची जागा असते ना, तिच्यावर शेण-पालापाचोळा पसरायचा अन् पेटवायचा, म्हंजे तण मरतं. म्हातारा हातात बादली घेऊन शेजारीच उभा होता की. त्याला तुमचा तो टोपीवाला येऊन म्हणला, बाबा, वाकून बसा, फ्रेममधे येऊ राहिले. स्वतःच्या शेतात! बसला बिचारा वाकून. नंतर मला विचारतो, रय्यान, हे कोणापासून लपायचंय आपल्याला?

हसू नका, पोटात कळ येईल. उपाशीपोटी हसलं की येते. मला काय विचारता, माझा बी रोजाच हाय ना.

अन् बिबट्या? बिबट्याचं तर — सांगू का? सांगतो. तसंबी तुम्ही आता कोणाला सांगणार हाय, तुम्ही इथं आलेच नाय! पयल्या आठवड्यात त्या सागावरनं बिबट्या गुरगुरला का नाय? तुम्ही तुमच्यासंगं खेळणाऱ्या त्या उज्वला मॅडमला ढकलून पयले तंबूत घुसले का नाय? आख्ख्या महाराष्ट्रानं बघितलं ते. तो बिबट्या मी होतो. मी म्हंजे माझा ब्लूटूथ स्पीकर. फांदीला बांधला अन् खाली खाचरात बसून दाबलं बटण. मला वाटलं, सापडलो तर हाणतील. तर दुसऱ्या दिवशी तो टोपीवाला मला हुडकत आला. मी पळालो, तो मागं पळाला, म्हणला थांब रे, मारत नाय — बिबट्या आज परत येईल का? काल कॅमेरा तिकडं नव्हता! तेव्हापासनं मी पगारी बिबट्या हाय. सांगतील त्या टायमाला गुरगुरतो. एकदा चुकून कव्वाली लागली, तर म्हणले चालंल, एडिटमधे काढू.

ते काय? घड्याळ? नका काढू, राहू द्या हातात. मी घड्याळ घालून भजी तळू का? अन् बाजारात इकायला गेलो तर पयला सवाल, कुठनं चोरलं. मला काय नको. अन् बांधून पण देणार नाय. कागदात नाय, पानात नाय, खिशात नाय. अहो, उद्या फायनल हाय! आता राहिलं कोण — तुम्ही अन् उज्वला मॅडम. बाकी सगळे पळाले, तो पैलवान तर मिसळीच्या आठवणीनं रडत गेला. उद्यापातूर तग धरा, जिंकले तुम्ही, बक्षिसाचा पैसा तुमच्या संस्थेला. अन् आज बाहेरचं खाताना घावले तर डायरेक्ट बाद, तुमच्या नावाचा सगळा पैसा मॅडमच्या संस्थेला. मॅडम कशासाठी खेळू राहिल्या, माहितीय? मोकाट कुत्र्यांसाठी. मला कुत्र्यांचा राग नाय, आमच्याच गाड्याखाली चार झोपत्यात. पण कुत्रं कधी टीव्ही बघत बसत नाय हो, की आज राज सर टिकले का.

तुम्ही कशासाठी खेळू राहिले, सांगा बरं.

काय? नाव सांगा संस्थेचं. — ‘किडनीचं काहीतरी.’ वा! काहीतरी! तुमच्या मॅनेजरनं निवडली? मंग उपास पण मॅनेजरलाच धरायला लावायचा ना!

मी सांगतो. ते किडनीचं काहीतरी म्हंजे घोटीच्या ट्रस्टच्या दवाखान्यात डायलिसिसची मशीनं येणार हाय. खोली बांधून तयार हाय, फरशी बसली, भिंतीला निळा रंग मारला, नळाची लाइन काढून ठेवली — नुसत्या मशिनी नाय. मी जाऊन बघितलं. दाराला कुलूप असतं, पण खिडकीची जाळी मी — ते जाऊ द्या. इथल्या माणसाला काय करावं लागतं, तर आठवड्यातनं तीनदा नाशिकला जायचं. पहाटंची एसटी. चार तास मशीनवर झोपायचं, रक्त बाहेर काढून धुऊन परत आत घालत्यात, अन् मंग परत एसटी. उभं राहून. त्या मशीनवरनं उठलेल्या माणसाला कधी बघितलं का तुम्ही? पिळून वाळत घातलेल्या शर्टासारखा दिसतो.

मला कसं काय माहीत? ...कसं काय म्हंजे. माहीत हाय. गावात सगळ्यांनाच माहीत असतं.

अहो हा गाडा कोणाचा वाटला तुम्हाला? माझा? पाटीवर काय लिवलंय वाचा. ‘शफीभाई भजीवाले.’ मी शफीभाई दिसतो का? शफीभाई म्हंजे अब्बा. नववीच्या सहामाहीनंतर मी इथं उभा राहिलो, कारण अब्बाला आता तेलापुढं उभं राहवत नाय. झालं? मिळालं उत्तर? आता रडकं तोंड करू नका, मी काय टीव्हीवर नाय. तसं मला शाळेत काय येत बी नव्हतं. सरांच्या खुर्चीला च्युइंगम लावायचं तेवढं एक नंबर यायचं.

अब्बाचं सगळ्यात वाईट काय हाय सांगू — पाणी. पाणी मोजून. दिवसभराचं मिळून एवढंसं, त्यातच चहा, त्यातच डाळीचं पाणी. लय तहान लागली की अम्मी एक बरफाचा खडा देते, तो जिभेवर ठेवून बसायचं. कलिंगड नाय, खजूर नाय. रमजानमधे खजूर नाय, बोला! तुम्ही लोकं तिथं जंगलात ‘सर्व्हायव्हल’ खेळू राहिले ना, तो तर माणूस घरात बसून खेळू राहिलाय, अन् त्याला कोणी पॅकअप बी म्हणत नाय. रोजा तर धरताच येत नाय, डॉक्टर म्हणले धरायचाच नाय, मौलाना पण तेच म्हणले. तर पयल्या दिवशी मला जवळ बोलवून म्हणले, बेटा, मला जमत नाय, तू तरी पुरा धर, घरात एक तरी मरद पुरा रोजेदार पायजे. म्हणून मी या सालाला सगळे धरू राहिलो. एक बी सोडला नाय. आज बी, एवढं ऊन, या तेलासमोर, घसा असा कोरडा — नुसती दुपारी बोअरवर तोंड धुताना गार पाणी लागलं तेवढं, तेच बरं वाटलं आतनं —

आतनं म्हंजे... बाहेरनं. तोंडाला. चूळ भरली. चूळ चालते.

काय बघू राहिले? बरं, एक घोट. गेला चुकून. ...बरं, तांब्या. तांब्याभर पिलो. आता झालं समाधान? तुमचं कामच हाय ना ते, इन्स्पेक्टरचं, माणसाकडनं वदवून घ्यायचं. हे बघा, तुमचं मी कोणाला सांगत नाय, माझं तुम्ही सांगायचं नाय. मिटलं. दोघं बी चोर. फरक एवढाच, माझं वरच्यानं बघितलंय, तुमचं नुसतं मी बघू राहिलोय.

नाय — त्याला हात लावायचा नाय. तो हिरव्या झाकणाचा डबा तर अजिबात नाय. दाल-गोश्त अन् भाकरी हाय त्यात, वास आला ना? अम्मीनं केलंय. तो फिद्याचा डबा हाय. ज्याला आजारामुळं रोजा धरताच येत नाय, त्यानं रोजच्या रोजाच्या बदल्यात एका भुकेल्याला जेवू घालायचं — हा झाला फिदिया. अब्बाच्या वाटचा. रोज हा डबा फाट्यावरच्या गोजराबाईला जातो. म्हातारी लाकडाच्या मोळ्या घेऊन बसते, तिचं कोणी नाय. मौलानाला विचारलं, आपल्यातली नाय, चालंल का? ते म्हणले, भुकेला बघ, आडनाव नको बघू. पण आज म्हातारी गेली देवळ्याला, भाचीच्या हळदीला. म्हंजे डबा आजच्या आज कोणालातरी द्यायचाय अन् माणूसच सापडंना. सकाळपासनं मी एक गरीब हुडकू राहिलोय. वरच्या आळीत गेलो तर त्यांनी मलाच चहा पाजायला घेतला. — नाय पिलो! चहा नाय पिलो.

काय म्हणले? तुम्ही? तुम्ही भुकेले हाय म्हणून तुम्हाला?

वा रे माझ्या मिस्किना, माझ्या गरिबा! मुंबईत समुद्राकडं तोंड केलेला फ्लॅट, एक गाडी पावसाळ्यातली, एक उन्हाळ्यातली, अन् फिदिया पायजे! पण... थांबा. मौलाना म्हणले होते, ज्याच्याकडं आजच्या जेवणाचं काय नाय तो. तुमच्याकडं आजच्या जेवणाचं काय हाय? पाला. खरंच काय नाय. च्यायला. फसली ना गोष्ट. ...नाय, तरी नाय. अब्बाच्या रोजाच्या बदल्यात तुम्हाला जेवू घातलं, अन् त्याच जेवणानं तुम्ही बाद झाले, अन् मशीन गेली कुत्र्यांना — हे तर मी स्वतःच्या घराला स्वतःच राब लावल्यासारखं झालं.

थांबा. हॉर्न. एसटी आली. आज नाशिकचीच पाळी होती ना... घोंगडी ओढा. खाली ओढा! अब्बा उतरू राहिले. बोलायचं नाय तुम्ही, एक शब्द बी नाय. चेहरा नाय वळखणार ते, मशीनवरनं आले की डोळ्याला अंधारी असते, पण आवाज लगेच वळखतील. तुमचे सगळे डायलॉग पाठ हाय त्यांना. खोकू बी नका, तुम्ही इन्स्पेक्टरसारखं खोकता.

आओ अब्बा. धीरे. हां, बैठो, टेका घ्या. — कोण? हे? कोणी नाय, असंच... वाटसरू हाय. पायी चाललाय. — नाय अब्बा, मुका नाय, जरा कमी बोलतो. — हां, उपाशी... म्हंजे, दिसतोय तसा. — अब्बा, डबा? नको, डबा राहू द्या, गोजराबाई येईल की. — हां, ती देवळ्याला गेली, मीच सांगितलं का सकाळी. हां. — अब्बा तुम्ही उठू नका! मी देतो की —

घ्या. धरा. त्यांनी स्वतःच्या हातानं दिलाय, नाय कसं म्हणताल. सुजलेला हात बघितला का? दंडावर त्या गाठी हाय ना, तिथंच सुया टोचत्यात. धरा नीट, दोन हातानं धरा.

अन् ऐकू राहिले ना काय म्हणतात? तुम्हालाच म्हणू राहिले, हळू आवाजात, मोठ्यानं बोलवत नाय त्यांना. ‘पोटभर खाओ भाई, लाजायचं नाय. वर डोंगरात तो राज बसलाय बघा, एवढा मोठा माणूस, आमच्यासारख्यांसाठी उपाशी बसलाय. त्याला तर काय देता येत नाय. तुम्ही खाओ, त्याच्या नावानं दोन घास जास्त खाओ.’

खा ना मंग. काय झालं? झाकण घट्ट हाय का? उघडून देऊ? आत्तापातूर तर हात तेलातच घालू राहिले होते. आता बघा कसे बसले, डबा मांडीवर घेऊन, बस्त्यातल्या नवऱ्यासारखे. माझ्याकडं काय बघता, मी काय करू? मी बी चोर, माझ्यानं तुम्हाला नाय बी म्हणवत अन् खा बी म्हणवत नाय. — काय अब्बा? का खात नाय? अब्बा, ते... त्यांचा बी रोजा हाय. हां. कसम से. अजानची वाट बघू राहिलेत.

आता हे कशाला बोललो मी. अजान तर आत्ता —

श्श.

झाली. ऐकलं? झाली अजान. बघा, सगळ्यांचे हात एकदमच गेले ताटाकडं, भांड्याचा आवाज बघा कसा आला. अन् अब्बा बघा. बरफाचा खडा. तेवढाच. अन् स्वतःच्या वाटचा खजूर तुमच्यापुढं धरून बसलेत. ‘लो भाई, सुटला रोजा, तोंड गोड करो.’ लवकर काय ते करा. मी अजून सरबत तोंडाला लावलं नाय, सांगून ठेवतो. तुमचं झाल्याबिगर मी लावत बी नाय. मला तसंबी आज घाई नाय, दुपारी झालंय माझं.

...ठेवलात? नक्की? खजूर डब्यावर अन् डबा बाकड्यावर. बरं.

अब्बा, नाराज नका होऊ. त्यांना आवडलं नाय असं नाय. त्यांचा रोजा जरा लांबचा हाय. उद्या सुटतो. — असतेत अब्बा, असे बी असतेत, मुंबईकडं. डबा मी देतो ना, हायवेला ट्रकवाले थांबत्यात, एखादा असंल बिनजेवणाचा. तुम्ही पाय वर घ्या.

चला सर, उठा. इकडनं, गाड्याच्या मागनं. हात जोडू नका, शूटिंग नाय चालू. अन् एवढं बी फुगू नका, फार मोठं काय केलं नाय तुम्ही, आमची पुरी ताडपत्री रोज करते ते. — थांबा. एक मिंट. घोंगडीत काय? चालताना तेलाचा डाग कसा काय मोठा होऊ राहिला? काढा. काढा म्हणतो ना. एक. अजून? दोन. वा! अब्बा खजूर देऊ राहिले तेव्हा डोळ्यात पाणी, अन् घोंगडीत बटाट्याची भजी! कधी उचलली? अजानच्या टायमाला? मी मान वळवली तेवढ्यात? मानलं बुवा. माझ्या तोडीचे निघाले. — खाल्लेली नाय ना एखादी? तोंड उघडा. आ करा. अजून मोठा. ...हं. जीभ काळी हाय, पण ती राखेनं.

जावा आता. बाबाच्या राबाच्या बांधाबांधानं सरळ वर, घोंगडी होती तिथंच दोरीवर टाका, म्हातारा हुडकत बसंल. मागं बघायचं नाय, मागं भजी हाय. अन् उद्यापातूर परत खाली उतरायचा इचार बी करू नका — आज बिबट्या वाटेवरच बसणार हाय. पगार नसला तरी.

फक्त जरा थांब म्हणावं त्याला. पयले जेवून घेतो.